बंद खिडक्यांचा उन्हाळा

यंदाही गवताला तुरे आले. रेडिओवरच्या बाईनं हवामान सांगून झाल्यावर हवेत परागकण फार आहेत, त्रास असणाऱ्यांनी जपून राहावं, असं बजावलं, आणि लंडनच्या पिनर स्टेशनच्या जिन्यावर सकाळी सकाळी पारदर्शक पाऊच हातात धरलेली मुलं दिसू लागली. परीक्षेच्या दिवसांत ही मुलं एकमेकांशी बोलत नाहीत, नुसते ओठ हलवत उभी असतात. परवा एक मुलगी माझ्या शेजारी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मी उगाच कान देऊन ऐकत राहिले आणि माझी गाडी गेली. दोन वर्षं झाली त्या उन्हाळ्याला. माझ्या घरात आता परीक्षेला बसणारं कोणी नाही, माझ्याखेरीज घरात कोणीच नाही. तरी मे संपत आला की मी सवयीनं सगळ्या खिडक्या लावून घेते, आणि मग आत बसून उकडतंय म्हणून चिडचिड करते.

त्या वर्षी खिडक्या जुईमुळे बंद होत्या. जुई माझी मुलगी, तेव्हा अठराची. गवत फुललं की तिचे डोळे सुजायचे आणि शिंका सुरू झाल्या की थांबायच्या नाहीत. परीक्षेच्या तोंडावर हा धोका नको म्हणून आम्ही घर बंद करून टाकलं. मी नागपूरची. एकोणतीस अंशांना उन्हाळा म्हणणाऱ्या लोकांना मी वीस वर्षं हसत आले. पण नागपूरच्या उन्हाळ्यात निदान कूलर घरघरतो, वाळ्याचा ओला वास येतो आणि दुपारी सगळं गावच एकदम गप्प पडतं. इथली विटांची घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली. थंडीत त्यांचं कौतुक वाटतं. जूनमध्ये ती दिवसभर गिळलेलं ऊन संध्याकाळी हळूहळू परत देत राहतात. उजेड तर त्याहून हट्टी. सात वाजले तरी दुपार संपत नसे, आणि त्या लख्ख, कोंडलेल्या उजेडात कुठेही वारा नसताना भिंतीवरचे कागद हलायचे.

कागद जुईचे. ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, तिनं पॉलिटिक्स घेतलं होतं आणि त्यातला एक अख्खा पेपर अमेरिकेचा होता. तिथली राज्यघटना, ती लिहिणारे लोक, त्यांची भीती, त्यांची भांडणं. तिनं सगळं रंगीत कार्डांवर उतरवलं आणि घरभर चिकटवलं. गुलाबी कार्डं काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, पिवळी राष्ट्राध्यक्षांची, हिरवी कोर्टाची. फ्रिजवर सेनेट होतं. न्हाणीघराच्या आरशावर महाभियोग होता, त्यामुळे मी रोज दात घासताना कुणाला कशासाठी पदावरून काढता येतं ते वाचायचे आणि आरशात माझं तोंड अर्धंच दिसायचं. जिन्याच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत घटनादुरुस्त्या, एका पायरीला दोन. पहिल्या दिवशी मी कटकट केली, रंग निघेल म्हणून. नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही होते.

एकदा जेवताना तिनं सांगितलं की ती घटना लिहिली तेव्हाही ऐन उन्हाळा होता. फिलाडेल्फियात एका खोलीत ते सगळे जमले आणि आतलं बाहेर कुणाला कळू नये म्हणून खिडक्या घट्ट लावून घेतल्या. दाराशी पहारेकरी. अंगात लोकरीचे कोट. तीन-चार महिने रोज त्या बंद खोलीत बसून ते पुढच्यांनी कसं जगायचं ते ठरवत होते. जुईला याची गंमत वाटत होती. मला मात्र वेगळंच सुचलं. त्या खोलीतला कोणीही आता उरलेला नाही, आणि त्यांनी घातलेल्या अटी अजून चालू आहेत. मी उठून पाणी प्यायले.

मिलिंद जाऊन तेव्हा चार महिने होत होते. माझा नवरा. सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून वर्क व्हिसावर इथे आला, आणि दुसऱ्यांनी केलेल्या कामातली भोकं शोधण्यात त्याची सगळी नोकरी गेली. अमेरिकेची घटना त्याला भारी आवडायची. त्याचं म्हणणं, ही एकमेव सरकारी वस्तू आहे जी टेस्टरच्या डोक्यानं लिहिली आहे. कुणावर विश्वासच ठेवलेला नाही. राजासारखा वागणारा माणूस निवडून येईल हे धरून चालायचं, त्याला अडवायला काँग्रेस. काँग्रेस डोक्यावर बसेल, तिला अडवायला तो. दोघं मिळून गोंधळ घालतील, म्हणून कोर्ट. आजारपणाच्या पहिल्या महिन्यांत तो सोफ्यावर पडून जुईच्या नोट्स वाचायचा, आणि वाचता वाचता त्याच्या डोक्यात आलं की हे आपण रेकॉर्डच करून द्यावं. तिला ट्रेनमध्ये ऐकता येईल. शरद ऋतूत, झाडांची पानं गळत असताना, तो रोज थोडं थोडं तिच्या फोनमध्ये बोलून ठेवत होता. इंग्रजी घटना, उच्चार थेट नागपुरातल्या धंतोलीचे.

त्यामुळे त्या मेमध्ये काय व्हायचं, मी कामावरून घरी यायचे. मी हॅरोमध्ये एका दंतवैद्याकडे रिसेप्शनवर आहे. दिवसभर लोकांची दुखरी तोंडं बघून डोकं जड झालेलं. किल्ली काढून दाराशी उभी राहायचे आणि आतून नवऱ्याचा आवाज यायचा. शांत, जरा बसलेला, नाकातून बोलणारा. सेनेटचे अधिकार सांगत असलेला. मी किल्ली कुलपात घालून तशीच थांबायचे. दार उघडलं की तो नसणार हे मला पक्कं माहीत होतं. दार उघडलं नाही तोवर तो आत होता. कधी कधी मी पाच-पाच मिनिटं त्या पायरीवर उभी असायचे, हातात भाजीची पिशवी घेऊन. शेजारच्या डोरीनबाईंनी एकदा विचारलं की किल्ली अडकते आहे का, माझ्याकडे तेल आहे.

एका ठिकाणी तो वाचता वाचता थांबतो. मराठीत म्हणतो, “थांब जरा.” मग बराच वेळ काहीच नाही. फोन चालूच. घरातले त्या दिवसाचे आवाज येतात, लांबून बॉयलर, वरच्या मजल्यावर कोणीतरी चालतंय, ती मीच असणार. मग भांड्याचा आवाज, पाण्याचा घोट, आणि तो पुन्हा सुरू करतो. जुई तो भाग कधी पुढे ढकलायची नाही. त्या रिकाम्या वेळात ती हातातलं पेन खाली ठेवून बसायची. मी स्वयंपाकघरातून बघायचे आणि मलाही हलता यायचं नाही. आमच्या माहेरी, सासरी दोन्हीकडे भुताखेतांना थारा नव्हता. लहानपणी असलं काही बोललं तरी वडील पुराव्यानिशी सांग म्हणायचे. इथे पुरावा समोर टेबलावर वाजत होता.

आता घटनेचं सांगते, आमच्या घरातल्या. लंडनमध्ये आल्यावर आमचा पहिला रविवार कॅमडेनमधल्या त्या घरासमोर गेला, जिथे आपल्या घटनेचे शिल्पकार विद्यार्थी असताना राहिले होते. मिलिंदच्या वडिलांनी नागपूरच्या बैठकीत देवांच्या जागी घटनेची उद्देशिका चौकटीत लावलेली. त्यामुळे त्याच्यासाठी ते घर म्हणजे सगळं काही होतं. जुई आठ वर्षांची झाली तेव्हा तो तिलाही घेऊन गेला. परत येताना तिनं गाडीत विचारलं की आपल्या घराची घटना कुठाय. झालं. त्यानं त्याच संध्याकाळी लिहायला घेतली. सात कलमं, निळी फाइल, खाली तिघांच्या सह्या. जेवताना फोन नाही. टेबलावर बसलं की मराठी. दार वाजवल्याशिवाय कोणाच्या खोलीत जायचं नाही. असंच सगळं. चौथं कलम जुईच्या भीतीमुळे आलं. तेव्हा माझी उशिराची पाळी असायची, त्याची गाडी उशिरा यायची, आणि एकदा ही पोर रिकाम्या घरात तासभर जिन्यावर बसून राहिली होती. म्हणून कलम चार : या घरात तिघांपैकी कोणीही एकटं राहणार नाही. आणि कलम सात : या घटनेत बदल करायचा तर तिघांच्याही सह्या लागतील.

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसानं स्वतःच्या कागदात एवढं मोठं भोक ठेवलं. तिघांतला एक गेला तर काय, हे त्यानं लिहिलंच नाही. आम्हीही सही करताना विचारलं नाही. आठ वर्षांची मुलगी शेजारी बसून लाल पेनानं नाव काढत असताना कोण असं विचारतं?

इस्टरच्या सुट्टीनंतर जुईकडे विद्यापीठांच्या दोन जागा उरल्या होत्या. एक एडिंबराची, तिच्या मनातली, सहावीपासून तिच्या तोंडी असलेली. दुसरी लंडनमधली, घरून ट्रेननं जाता येईल अशी. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकीला हो म्हणायचं होतं. मी गृहीत धरून चालले होते की ती एडिंबराला हो म्हणणार; मी तर तिच्यासाठी जाड रजई बघून ठेवली होती. मग एका संध्याकाळी सहज विषय निघाला आणि ती म्हणाली की तिनं लंडनचं ठरवलंय. मी कारण विचारलं. ती सरळ उठली, निळी फाइल आणली आणि चौथ्या कलमावर बोट ठेवलं.

मी हसले. ते चुकलं.

“हसू नको ना, आई. मी गेली तर तू एकटी राहणार. दॅट्स अ ब्रीच. आणि चेंज करायला बाबाचा सही पाहिजे.”

मी सांगून पाहिलं की तो कागद आठ वर्षांच्या मुलीसाठी होता. तुला भीती वाटू नये म्हणून होता. ती म्हणाली की कशासाठी लिहिलं ते महत्त्वाचं नाही, काय लिहिलं ते महत्त्वाचं आहे, आणि अमेरिकेच्या कोर्टातले अर्धे न्यायाधीश हेच म्हणतात. ती तसं म्हणत असताना तिचा चेहरा अगदी सपाट होता. स्मशानातही तो तसाच होता. बापाला निरोप देताना ही मुलगी रडली नव्हती, नंतरही नाही. मी सगळ्यांना सांगायचे की ती खंबीर आहे, आणि मनातून मला तिची धास्ती वाटायची.

डोरीनबाई ऐंशीच्या पुढच्या. मी त्यांना कुंपणावरून हे सांगितलं, अर्धं हसत. त्या म्हणाल्या की त्यांच्या देशाला एका जागी लिहिलेली घटना नाहीच, सगळं आठवणीवर आणि सवयीवर चालतं, आणि म्हणून नको ते सोयीनं विसरताही येतं. मला त्यांचा हेवा वाटला. आपण लिहिणारी माणसं. लिहिलेलं आहे म्हणून माणूस म्हणून मोजले गेलो, असं सांगणाऱ्या घरात मी सून म्हणून आले. कागदाला नावं ठेवायची माझी छाती नव्हती. पण जिन्यावरून वर जाताना त्या दिवसांत मला वाटायचं की भिंतीवरची ती कार्डं वाचत कोणीतरी माझ्या एक पायरी मागे येतंय.

तिथेच, जिन्याच्या मध्यावर, एक कार्ड होतं. अमेरिकेच्या त्या पहिल्या कागदात गुलाम हा शब्द कुठेही नाही. ‘इतर व्यक्ती’ असं आहे, आणि लोकसंख्येच्या हिशेबात त्यांना पाचात तीन धरलंय. सगळी माणसं समान असं आधी जाहीर करून बसलेल्या देशानं. शब्द टाळला म्हणजे माणसं नाहीशी होतात असं त्यांना वाटलं असेल का? ती त्या खोलीच्या बाहेरच होती, अंगणात, तबेल्यात, बंद खिडक्यांच्या पलीकडे उभी. मिलिंदनं ते वाक्य रेकॉर्ड करताना आवाज खाली आणलाय. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा लक्षात आलं की तो रागावलाय. मेल्यानंतर चार महिन्यांनीही तो त्या वाक्यावर रोज नव्यानं रागवायचा.

मेच्या अखेरीस एका शनिवारी मी तिची उजळणी घेत होते. ती डोळ्यांवर गार फडकं ठेवून सोफ्यावर पडलेली, मी कार्डं वाचत होते. पिवळं कार्ड आलं : विधेयक मंजूर होऊन राष्ट्राध्यक्षाकडे गेलं आणि त्यानं सहीही केली नाही, परतही पाठवलं नाही, तर? तिनं फडक्याखालून उत्तर दिलं. दहा दिवस, रविवार सोडून. त्यानंतर सही नसतानाही कायदा होतो. फक्त मधल्या काळात काँग्रेसचं सत्र संपलेलं असेल तर मात्र ते मरतं. त्याला पॉकेट व्हीटो म्हणतात.

मी कार्ड खाली ठेवलं आणि म्हटलं, “मग बाबाकडे पाठव.”

मग तिनं फडकं काढलं. तिचे सुजलेले डोळे माझ्यावर रोखलेले. मला वाटलं चिडेल. पण तिनं हिशेब करायला घेतला. खरं तर घटनादुरुस्ती राष्ट्राध्यक्षाकडे जातच नाही, ती राज्यांकडे जाते, तीन चतुर्थांश राज्यं लागतात. आपण तिघं. तिनाचे तीन चतुर्थांश म्हणजे सव्वादोन. दोघी आपण, आणि वर पाव माणूस. ती हे अत्यंत गंभीरपणे बोलत होती आणि मला हसू आवरेना, कारण पाव मिलिंद त्या घरात नक्कीच होता, बहुधा अर्ध्याहून जास्त. शेवटी ती म्हणाली की पाव माणूस सही करू शकत नाही, पण पाव माणूस हरकत न घेता बसू शकतो. सोमवारी सुरू करू. सत्र मोडता कामा नये, म्हणून रोज सात वाजता आपण दोघींनी टेबलाशी हजर राहायचं.

तिनं एका कोऱ्या कागदावर एक ओळ लिहिली : कलम चार रद्द. खाली आम्ही दोघींनी सह्या केल्या. तिसऱ्या सहीला जागा सोडली, त्याखाली हरकतींसाठी अर्धं पान सोडलं. फाइल मिलिंदच्या खुर्चीसमोर ठेवली, वर त्याचं पेन. मी थट्टा म्हणून सुचवलेली गोष्ट आता टेबलावर पडली होती आणि तिला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं होतं.

ते दहा दिवस मी विसरणार नाही. रोज सातला आम्ही समोरासमोर बसायचो. ती हजेरी घ्यायची. तिसरं नाव घेऊन थांबायची, किती थांबायची ते मला मोजायला नको वाटे, आणि मग वहीत काहीतरी टिपायची. खिडक्या बंद, ऊन तिरपं होऊन बरोबर त्या खुर्चीवर आलेलं. रिकाम्या खुर्चीवर ऊन पडलं की तिच्या पाठीची पट्टी गरम होते आणि लाकूड बारीकसं वाजतं. हे मला माहीत आहे. तरी ते वाजलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळायचो. चौथ्या दिवशी पेनाची दिशा बदललेली वाटली. पाचव्या दिवशी जुईची ट्रेन बोगद्यात अडकली. ती स्टेशनपासून पळत आली, शिंकत, लाल झालेली, आणि दारातच तिनं विचारलं की मी खुर्चीवरून उठले नव्हते ना. मी उठले नव्हते. एकटीनं त्याच्यासमोर पाऊण तास बसले होते, आणि त्या पाऊण तासात मी त्याला जे बोलले ते इथे लिहिणार नाही. मधला रविवार धरायचा नव्हता. त्या दिवशी घर मोकळं वाटलं, कोणीतरी सुट्टीवर गेल्यासारखं.

आठव्या दिवशी, दुपारी, माझी अर्धी सुट्टी होती आणि जुई परीक्षेला गेली होती. मी फाइलसमोर उभी राहिले. एक गोष्ट जुईला माहीत नव्हती. शेवटच्या दोन महिन्यांत मिलिंदचा हात थरथरायचा, तेव्हा त्याच्या सह्या मी करायचे. बँकेत, हॉस्पिटलात, तिच्या शाळेच्या फॉर्मवरसुद्धा. आधी त्यानंच बसून शिकवली होती, हात धरून, हसत हसत. नंतर तर त्याचं सगळं अक्षरच माझ्या हातात उतरलं. मला वाटलं, एक शब्द लिहावा. ‘जा.’ एवढाच, त्याच्या अक्षरात. पोरगी सुखानं जाईल, बापाच्या हाताचा कागद जन्मभर जपेल, आणि माझ्यापाशी आणखी एक खोटी सही राहील, तिचं काय एवढं.

आधी रद्दी कागदावर सराव करावा म्हणून त्याचं पेन उचललं. मला जा लिहायचं होतं. मी लिहिलं, ‘अजून नको.’

ते त्याचंच अक्षर होतं. न तुटणारी शिरोरेघ, पोट फुगलेला क. मी त्या दोन शब्दांकडे बघत उभी राहिले. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या खाटेवर तो मला दोनदा म्हणाला होता, एकटी राहू नकोस. मी मुलीसमोर कितीही मोठेपणा केला तरी हे घर रिकामं होण्याची मला भीती वाटत होती, त्या आठ वर्षांच्या मुलीला वाटायची तेवढीच. चौथं कलम मलाही हवं होतं. ते लिहिणारा हात त्याचा होता की माझा, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही, आजही विचारत नाही. कागदाचे बारीक तुकडे केले, भाजीच्या सालींच्या डब्यात खाली दाबले, पेन जसं होतं तसं ठेवलं. संध्याकाळी हजेरीला माझा आवाज नीट निघाला.

आता जून आला की मला त्या घराची आठवण येते आणि मी त्याच घरात बसलेली असते, हा एक विचित्रच प्रकार आहे. कार्डं निघाली, त्यांच्याखाली रंगाचे चौकोन राहिलेत. खुर्ची आहे. लाकूड उन्हात वाजतं. फक्त मिलिंदचा आवाज नाही. तो जुईच्या फोनमध्ये होता. सप्टेंबरात तिच्यासोबत तोही गेला आणि दाराशी थांबण्यासारखं काही उरलं नाही. जुई विचारते, पाठवू का तुला? मी म्हणते पाठव कधीतरी, घाई नाही. ती समजते आणि पाठवत नाही.

त्या वर्षीचा तो दहावा दिवस गुरुवार होता. तिला त्या रात्रीपर्यंत उत्तर कळवायचं होतं. सातला आम्ही बसलो. तिनं हजेरी घेतली, तिसरं नाव घेतलं, थांबली. डोरीनबाईंच्या बागेत कोणीतरी गवत कापत होतं आणि तो आवाज काचेपलीकडून अगदी बारीक येत होता. मग तिनं फाइल आपल्याकडे ओढली आणि उघडली.

कागद कोरा होता. आमच्या दोन सह्या, खाली रिकामी जागा, त्याखाली रिकामं अर्धं पान. तिनं तो उलटा केला. मागची बाजूही बघितली. मग उजेडासमोर धरला, त्यातून काही दिसतंय का म्हणून. तेव्हा मला कळलं की ही पोर दहा दिवस कशाची वाट बघत होती. तिला परवानगी नको होती. तिला हरकत हवी होती. एक ओळ, एक काट, काहीही.

“झालं पास,” मी म्हटलं.

“हो.” तिनं कागद हळूच खाली ठेवला. “काहीच नाही लिहिला त्याने. म्हणजे बाबा खरंच नाहीये, आई.”

आणि ती रडली. चार महिन्यांचं सगळं, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, आठ वर्षांची असताना रडायची तशी. मी तिला धरून बसले. आठव्या दिवशीचा तो कागद माझ्या जिभेवर होता. मी तिला त्याच्याबद्दल सांगू शकले असते. बाबानं लिहिलं होतं म्हणू शकले असते, आणि ती कुठेही गेली नसती. मी ओठ घट्ट मिटून तिच्या केसांवर हनुवटी टेकवली.

ऊन खुर्चीवरून उतरून जमिनीवर गेलं तेव्हा ती गप्प झाली. तोंड धुऊन आली, फोन काढला, माझ्यासमोर उभी राहूनच एडिंबराला हो कळवलं. मग फाइल बंद करून माझ्या हातात दिली. तिला माझ्यासाठी काहीतरी मोठं केल्यासारखं वाटत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“आता तू एकटी राहू शकते, आई,” ती म्हणाली. “अलाउड आहे.”

मी हो म्हटलं, आणि दोघींपुरता कुकर लावायला उठले.